कमी शिकलेल्याला जास्त हजेरी कुठं मिळते

पोरा,

तुझा मेसेज काल रात्री बघितला, पण माझ्या वेल्डिंगच्या शेडमधनं नुकताच आलो होतो, म्हणून आज निवांत लिहितोय. दहावी दोनदा देऊन गणित-सायन्स राहिलंय, वय 19 झालं, आप्पा म्हणतात एमआयडीसीत कुठंतरी चिकट, आणि तू लाजत लाजत विचारतोस की काका कमी शिक्षणात जास्त पैसा कुठल्या कामात आहे. लाजायचं काय त्यात, मी पण नववीच्या पुढं गेलेलो नाही.

आधी एक बघ. उसाच्या मोळ्या डोक्यावरनं ट्रॉलीत टाकणारा गडी माझ्या दसपट घाम गाळतो आणि तरी त्याची हजेरी माझ्यापेक्षा कमीच असती. कारण मोळी वाकडी पडली तर परत उचलता येते. काम बिघडलं तर मालकाचं किती जातंय आणि तुझ्या मागं लायनीत अजून कितीजण उभे आहेत, पैसा ह्या दोन गोष्टींवर ठरतो. तासगाव-पलूसकडं ऑगस्ट-सप्टेंबरात जाऊन बघ, डॉगरिजच्या जंगली खुंटावर द्राक्षाचं कलम भरणाऱ्या टोळीला शेतकरी आधीपासनं फोन करून बांधून ठेवतो, कारण काडी नीट बसली नाही तर त्याचं वरीस गेलं. त्याच बागेत खुरपायला गडी कुणीबी चालतो. कलमवाल्याला तुझी मार्कलिस्ट कोण विचारत नाही, किती कलमं फुटली एवढंच विचारतात.

जेसीबीचं म्हणशील तर काम वाईट नाही, पण आता गावागावात हप्त्यावरच्या मशिनी उभ्या आहेत आणि ऑपरेटर पण ढीगभर झालेत. त्यात जायचंच असलं तर लायसन आधी काढ, धंद्याची गाडी चालवायच्या लायसनला पूर्वी आठवी पास लागायची ती अट 2019 ला गेली, तरी पोरं बिनलायसनची मशीनवर बसतात आणि काही झालं की विमावाले हात वर करतात.

विट्याच्या गलाईचं पण कुणीतरी तुझ्या डोक्यात घातलंय वाटतं. खानापूर-आटपाडीकडची माणसं दुष्काळाला कंटाळून सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार केरळ, तमिळनाडूपर्यंत गेली आणि त्यातल्या कितीतरी जणांनी चांगलं कमावलं हे खरंय. पण सोन्याजवळ ओळखीशिवाय कोण उभं करत नाही, वर ॲसिडचा धूर छातीत जातो. तुझा कोण पाहुणा त्यात नाही, मग सोड.

आता माझ्या कामाचं सांगतो, आणि हे जरा लांबणार.

माझ्या शेडमध्ये गेट-ग्रील मारणाऱ्याला मी 700 रुपये हजेरी देतो आणि बॉयलरच्या पाइपावर चालणाऱ्या आयबीआर वेल्डरला, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांची टेस्ट पास झालेल्याला, 1600. दोघांच्या हातात होल्डर तोच. फरक असा की ग्रीलचा जॉइंट तुटला तर शिव्या बसतात, बॉयलरचा फुटला तर माणूस मरतो. ती टेस्ट बॉयलर इन्स्पेक्टरसमोर द्यायची असते. 6जी म्हणतात त्यात पाइप 45 अंशात तिरका बांधतात, फिरवायचा नाही, तूच त्याच्याभोवती फिरायचं, मग खालनं डोक्यावरचं वेल्डिंग, बाजूनं उभं, सगळं एकाच जॉइंटात येतं. आतला रूट, म्हणजे सगळ्यात पहिला थर, टिग वेल्डिंगनं आरगॉन गॅसवर घालायचा, वर 7018 नंबरचे वेल्डिंग रॉड. मग एक्स-रे. वरनं कितीबी चकचकीत दिसूदे, फिल्मवर आतलं सगळं कळतं. मी पहिल्यांदा फेल झालो ते असंच, जुलैचा पाऊस, रॉड कोरडे ठेवायच्या ओव्हनमधनं काढून उघडे ठेवले आणि चहा पीत बसलो, रॉडनं ओल धरली, फिल्मवर बारीक बारीक भोकं. चूक माझीच. तो चहा मला लई महागात पडला.

आणि आपल्या भागात हे काम का चालतं, तर कारखाने. गळीत संपलं की पार दिवाळीच्या आसपासपर्यंत ओव्हरहॉलिंग चालतं, ट्यूबा बदलायच्या, पाइप बदलायचे. हंगामात तर विचारूच नको, रात्री दोनला ट्यूब लिकेज निघाली की कारखाना उभा, गेटवर ट्रॉल्यांची रांग, ऊस वाळतोय, वजन घटतंय, आणि इंजिनियरपासनं वरचे सगळे एका नववीवाल्याच्या हाताकडं बघत थांबलेले. ते बघायला मजा येते, खोटं का बोलू.

पण दुसरी बाजू पण ऐक. आर्क डोळ्याला लागला की रात्रभर वाळू टाकल्यागत होतं. गॅल्व्हनाइज, म्हणजे जस्त चढवलेल्या पाइपावर तसंच वेल्डिंग मारलं तर संध्याकाळी थंडीताप भरतो. पाठ चाळिशीत बोलायला लागते. आणि कंत्राटदार, एकानं माझी दोन महिन्यांची हजेरी बुडवली, कारण माझ्याकडं लिहिलेलं काहीच नव्हतं. तेव्हापासनं रोजचे तास डायरीत लिहून सही घेतो, आणि पीएफ कापला म्हणतात तो भरला का ते मोबाईलवर बघतो, तू पण हेच कर.

आता तू काय करायचं. आयटीआयला वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, आठवी पासवर मिळतो, ॲडमिशन चालू झाली की फॉर्म भर. वायरमन पण आठवीवर आहे पण दोन वर्षं, आणि तुला खांबावर चढायची भीती वाटते हे मला माहिताय. दहावीच्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म पण भरून टाक, दोनच विषय आहेत. वर्ष झालं की लगेच 6जीच्या मागं लागू नको, आधी प्लेटवर हात बसूदे, पाइप नंतर. मला टेस्टला पोचायला चार वर्षं लागली, तू मन लावलंस तर लवकर पोचशील.

तोवर सोमवारी सकाळी आठला शेडवर ये. पँट जाड सुती घाल, नायलॉनवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. बूट चामड्याचे, आप्पांचे जुने असले तरी चालतील. पहिले पंधरा दिवस नुसतं ग्राइंडिंग आणि झाडलोट करशील, हजेरी 350, चहा माझ्याकडं, पण रॉड ओव्हनमध्ये ठेवून मगच.

काका