तरबेती: कानडी की आपली?

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय: "मुलगा पोलिसात लागला. 'तो तरबेतीला गेलाय' असं मी म्हटलं, तर पुण्याची जाऊ म्हणाली, हा कानडी शब्द, मराठीत 'प्रशिक्षण' म्हण. बरोबर काय?"

ताई, तुमचा शब्द बदलू नका. कानडीत 'तरबेति' हा रोजचा सरकारी शब्द आहे, आणि पोलीस शाळेच्या पाटीवरही तोच असतो, हे खरं. बेळगाव भागात तो आपल्या तोंडी पक्का बसला तोही त्यामुळेच. पण मूळ अरबी 'तरबियत'. फारसीतून तो कानडीत आला तसा मराठीतही आला. साताऱ्याच्या वेढ्यातला औरंगजेबाचा तोफखान्याचा सरदार तरबियतखान इतिहासात वाचला असेलच. शिकवून तयार केलेल्या माणसाला किंवा जनावराला जुन्या मराठीत 'तरबेत' म्हणत. 'तरबेज' त्याच घरातला, आणि तो तुमच्या जाऊबाईंच्याही तोंडी असणार.

मला हा शब्द प्यारा आहे तो अर्थासाठी. तरबियत म्हणजे वाढवणं, जोपासणं, वळण लावणं. त्याच्या शेजारचा 'तालीम' मूळचा शिकवण्याचा. मराठीत तो आखाड्यात गेला आणि अंगमेहनतीचा झाला. पोलिसाला दोन्ही लागतात. कवायत, लाठी, बंदूक ही तालीम. समोरच्याशी बोलावं कसं, ही तरबेती.

पोलीस सुधारणेचा विषय निघाला की आपल्याकडची माणसं हेच मागतात. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सात निर्देश दिले: अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास आणि बंदोबस्त वेगळे, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण, वगैरे. सगळे गरजेचे. पण प्रशिक्षणासाठी त्यात वेगळा निर्देश नाही. बाजारात, एसटीत लोक मात्र म्हणतात, "आधी यांना बोलायला शिकवा." ही मागणी मला तितकीच मोठी वाटते.

सीमाभागात तर तिला भाषेची धार आहे. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घ्यायची, ती देणाऱ्याला वाचून दाखवायची, मग सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची, असा कायदा आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. कानडी न कळणाऱ्या बाईला कानडीत भराभर वाचून दाखवलं, तर ते वाचून दाखवणं कसलं?

माझ्या मावशीबरोबर एका ठाण्यात मी हे पाहिलंय. कागद वाचला गेला, बोट सहीच्या जागेवर ठेवलं गेलं, मावशी गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात एक तरुण कॉन्स्टेबल खुर्ची ओढून बसला. "मावशी, ऐका, काय लिवलंय सांगतो," म्हणाला आणि एकेक ओळ मोडक्या मराठीत सांगत गेला. तारीख चुकली होती, ती मावशीनेच दुरुस्त करून घेतली. मी त्याला तरबेत म्हणेन.

वापराचं सांगायचं तर 'तरबेती' स्त्रीलिंगी: तरबेती झाली, तरबेतीला गेला. 'प्रशिक्षण' अर्जात लिहा, त्याला हरकत नाही. आणि मुलगा सुट्टीवर आला की विचारा, फिर्याद वाचून कशी दाखवायची ते तिथे शिकवलं का?