1 लाखात बसायला चांगला घोडा मिळेल का? सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाऊ की रेसचा रिटायर घोडा घेऊ?

मिळेल. पण तुम्ही खाली जे लिहिलंय ना, "घरचे म्हणतात आधी भोवरे बघून घे" (म्हणजे घोड्याच्या अंगावरचे केसांचे फिरे, त्यावरून शुभ-अशुभ ठरवतात), त्याच्यासाठी मी टाइप करायला बसलोय, बाकीचं नंतर.

मी पण बडोद्याचाच, दांडिया बाजारातला. आमच्या काकांचं म्हणणं असं की खापरपणजोबा खंडेराव महाराजांच्या पागेत होते, त्यामुळे घोड्यातलं आपल्याला रक्तातूनच कळतं. स्वतः काका आयुष्यभर स्कूटरवर. 2016 ला माझ्याकडे 90 हजार जमले होते, दत्तजयंतीला सारंगखेड्याला निघालो, काका पुढच्या सीटवर. तापीकाठी पहिल्याच दिवशी एक कुमैत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी आवडली, आठेक वर्षांची, मालकाचा दहा-बारा वर्षांचा पोरगा तिच्यावर बिनखोगिराचा बसून पाण्यावर नेत होता, म्हणजे अजून काय बघायचं असतं सांगा? 70 हजारात जमत होतं. काकांनी तिच्या डोळ्याखालच्या भोवऱ्यावर बोट ठेवलं, म्हणाले, "आसूढाळ आहे. मालकाला रडवते. चल." त्या माणसाचा चेहराच पडला, कारण त्यालाही माहीत होतं ती का खपत नाहीये ते.

मग काकांच्या पसंतीचा घेतला. पंचकल्याणी, चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा, मानेवर देवमण हा शुभ भोवरा, 85 हजार. मऊ रेतीत असा नाचत होता की गर्दी जमली. घरी आणला, तिसऱ्या दिवशी डांबरी रस्त्यावर दुडकीला काढला तर पुढचा उजवा पाय टेकला की डोकं वर, टेकला की डोकं वर. डॉक्टरांनी नळीच्या (गुडघ्याखालच्या हाडाच्या) मागून दोन बोटं खाली फिरवत आणली आणि एका जागी थांबले. माझा हात धरून तिथे ठेवला. हिवाळ्याच्या दाट केसांखाली सुपारीएवढी गाठ, गरम. टेंडनची जुनी दुखापत, मेळ्यात दुखण्याचं इंजेक्शन मारून उभा केला असणार. सात महिने त्याने नुसतं खाल्लं, मग ओळखीच्या एकांच्या शेतावर फुकट सोडून आलो. काका काय म्हणाले? "नशीब." म्हणजे भोवरा खरा, माझं नशीब खोटं!

2018 ला घोडी घेतली ती इथलीच, वरातीतली. आसूढाळ, तेही दोन्ही डोळ्यांखाली, म्हणून 45 हजारात. काटेरी लगामाने जिभेवर चट्टे पडलेले (हा लगाम कायद्याने बंद आहे, तरी सर्रास वापरतात), साधा लगाम तोंडात घ्यायलाच चार महिने गेले. पण डीजे, फटाके, ट्रकचा हॉर्न, कान हलवत नाही. रहदारीत चालवायला ह्याहून शहाणं जनावर मला रेसवाल्यांनी दाखवावं. भोवरा म्हणजे केसांचा फिरा, माणसाच्या डोक्यावर असतो तसाच, त्याने पाय लंगडत नाहीत आणि मालक रडत नाही. उलट त्याच्यामुळे भाव पडतो, आणि कमी बजेटवाल्याने तेच शोधायचं असतं. विकायला काढाल तेव्हा तुम्हालाही भाव येणार नाही हे मात्र खरं, सात वर्षांत मला विकावीशी वाटली नाही ही गोष्ट वेगळी.

बाकी तुमचं. रेसचा थरोब्रेड स्वस्त पडतो पण खाणं जास्त, तळवे नाजूक, आणि लगाम ताणला की तो थांबायच्या ऐवजी अजून जोर लावतो, त्याला शिकवलंच तसं असतं. नवख्याने नको. अदंत किंवा दोन दाती, म्हणजे कोवळं जनावर, पण नको, कितीही स्वस्त असो, त्याला शिकवायला जो माणूस लागेल त्याचा पगार घोड्याहून महाग. आठ ते बारा वर्षांचा काठियावाडी बघा. पाच वर्षांत सगळे दात येऊन जातात, त्यानंतरचं वय नुसतं तोंड उघडून तुम्हाला कळणार नाही, जाणकार न्या. सकाळी न सांगता जा, जनावर फिरवलेलं नसताना पायांवर हात फिरवा, मग कडक जमिनीवर दोन्ही बाजूंनी गोल दुडकी. आधी मालकाने बसून दाखवायचं. तो बसत नसेल तर तिथेच घोडं पेंड खातंय. पैसे द्यायच्या आधी ग्लँडर्स आणि सर्रा, दोन्ही रोगांसाठी रक्त तपासा, ग्लँडर्स माणसालाही होतो आणि निघाला तर जनावर मारावंच लागतं.

हो, आणि वजन 82 लिहिलंय तुम्ही. खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतच हवं, म्हणजे 350 किलोच्या घोड्यावर 70. आपले काठियावाडी काही हत्ती नाहीत. हे खरं आधी लिहायला हवं होतं. शिवाय 1 लाख ही नुसती किंमत झाली, माझा महिन्याचा चारा, हरभरा, नालबंद, मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) धरून 15 हजार जातो. तेवढा सुटत नसेल तर सध्या बारगीर व्हा, दुसऱ्याच्या घोड्यावर सहा महिने बसा, शिलेदारी, म्हणजे स्वतःचा घोडा, नंतर.

घोडीला काका रोज गूळ देतात, डोळ्यांकडे न बघता. दत्तजयंतीला आम्ही जाणारच आहोत, गाडीत मागे एक जागा आहे. पुढची सीट काकांची.