प्रार्थना करूनही आयुष्यात फळ दिसत नसेल तर

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी विश्वासात आलात, रोज प्रार्थना करता, बायबल वाचता, तरी राग तसाच आहे, स्वभाव तसाच आहे. मग फलदायी ख्रिस्ती जीवन जगायचं तरी कसं?

मी वेंगुर्ल्याकडचा. कॅथलिक घरातला, आणि घरची थोडी हापूसची कलमं सांभाळतो. त्यामुळे बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, 15व्या अध्यायात, येशू वेल आणि फाट्यांबद्दल बोलतो, ते मला बागेत उभं राहूनच जास्त कळतं. तिथे तो शिष्यांना 'माझ्यामध्ये राहा' म्हणतो, आणि वेलात राहिल्याशिवाय फाट्याला स्वतःहून फळ येत नाही असं सांगतो. फाट्याने जोर लावून फळ येत नाही. तो झाडाला जोडलेला असला की रस आपोआप चढतो.

पावसाळ्यात आम्ही कोय कलम बांधतो. रायवळची, म्हणजे गावठी आंब्याची, कोय रुजवायची, कोवळ्या रोपाचा शेंडा कापायचा, त्यात हापूसची काडी पाचरीसारखी बसवायची आणि पट्टी घट्ट गुंडाळायची. काडी जगली, पानं फुटली, की नवखा माणूस खूश होतो. पण सांध्याच्या खालून रायवळचे फुटवे येतच राहतात. ते वेळच्या वेळी खुडले नाहीत तर सगळा जोर तेच खातात आणि वरची हापूसची काडी वाळून जाते. तुमचा राग हा असा खालचा फुटवा आहे. तो पुन्हा आला म्हणून कलम मेलं असं समजू नका. दिसला की खुडा, म्हणजे त्याच दिवशी देवापुढे नाव घेऊन कबूल करा आणि ज्याला बोललात त्याची माफी मागा.

दुसरं म्हणजे, कलमाला पहिली तीन-चार वर्षं मोहोर आला तरी आम्ही तो काढून टाकतो. मूळ धरायच्या वयात फळाचा भार झाडाला सोसत नाही. तुमची तर दोनच वर्षं झाली आहेत.

प्रार्थनेचं म्हणाल तर लांबीपेक्षा ठरलेली वेळ महत्त्वाची. मार्काच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात येशू पहाटे अंधारात उठून एकांतात जातो. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं, तरीही. मी पहाटे पंधरा मिनिटं बसतो. स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र वाचतो, मग गप्प. कित्येक दिवस काहीच वाटत नाही. अशा दिवशी मी मार्काच्याच नवव्या अध्यायात आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाचं वाक्य उसनं घेतो: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा.

आणि फळ शोधायचं कुठे? बायबलमधल्या गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याचं फळ म्हणून प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता अशी नऊ नावं आहेत. त्यातली बहुतेक एकट्याने खोलीत बसून दिसणारी नाहीतच. ती घरच्यांना आधी कळतात, म्हणून बायकोला विचारा.

माझं सांगतो. गडग्याच्या, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाच्या, हद्दीवरून चुलतभावाशी सहा वर्षं बोलणं बंद होतं. रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चुकत नव्हती, चर्चमधली मिस्सा चुकत नव्हती. एकदा वाचनात मत्तयचं ते वचन आलं: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. त्या दिवसापासून त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायला लागलो. पहिले काही महिने दात-ओठ खातच. पुढच्या मे महिन्यात एका सकाळी गडगा ओलांडून गेलो. तो पडवीत आंबे उतरवायच्या झेल्याची जाळी विणत बसला होता. मान वर केली नाही, फक्त म्हणाला, "बस." वहिनीने चहा ठेवला.

हद्दीचा वाद अजून मिटलेला नाही. पण आता आम्ही तो पडवीत समोरासमोर बसून घालतो.