ताओवादी विचारात माणूस मुळात चांगला की वाईट? आणि मग मुलांना चारित्र्य शिकवावं का?

चांगला की वाईट, हा वाद मेन्शियस आणि श्युन्झी या कन्फ्यूशियसपंथी विचारवंतांचा. एक म्हणे माणूस मुळात चांगला. दुसरा म्हणे वाकडं लाकूड, वाफवून सरळ करायलाच हवं. ताओवादाचा आद्य पुरुष मानला जाणारा लाओत्से, त्याला न कोरलेला ओंडका प्रिय, म्हणजे जे आहे ते मुळात आहे तसंच, त्यामुळे तो या वादात पडतच नाही.

दुसरा प्रश्न मात्र माझ्या जिव्हाळ्याचा. मी पाचवीला शिकवते. एका वर्षी शाळेने वर्गावर्गांत 'सद्गुण तक्ता' लावला. मदत केली की नावापुढे चांदणी. माझ्या वर्गातली एक मुलगी डबा न आणणाऱ्या मैत्रिणीला रोज अर्धी भाकरी द्यायची. दोघी खिडकीपाशी बसून खायच्या, कुणाला पत्ताही नसायचा. तक्ता लागला आणि मधल्या सुट्टीत पोरं त्या मैत्रिणीभोवती गोळा व्हायला लागली. "बाई, मी हिला पोळी दिली, लिहा." "बाई, मी लाडू दिला." थोड्याच दिवसांत ती मैत्रीण सुट्टीत वर्गात थांबेनाशी झाली. मी तक्ता उतरवला. मुख्याध्यापक म्हणाले, "मग काय, मुलांना मोकाट सोडायचं?"

लाओत्सेच्या नावावरच्या 'ताओ ते चिंग' या ग्रंथाचं 38वं प्रकरण याच मुद्द्याने सुरू होतं: ज्याचं शील खरंच उंच, त्याला त्याची जाणीवही नसते, म्हणून ते त्याच्यापाशी असतं. पुढे उतरंड आहे. ताओ, म्हणजे सृष्टीचा सहज मार्ग, गेला की शील, मग माणुसकी, मग न्यायनीती, शेवटी नुसता शिष्टाचार. चांदण्या त्याच्याही खाली.

चुआंगत्से या दुसऱ्या ताओवाद्याच्या ग्रंथातला पो-लो हा अश्वपारखी घोडे 'घडवतो': डागतो, खूर तासतो, उपाशी ठेवून रांगेत पळवतो. निम्म्याहून जास्त मरतात.

आणि मोकाट? त्याच ग्रंथातला खाटीक 19 वर्षं एकच सुरी वापरतो आणि धार नव्यासारखी, कारण सांध्यांतल्या फटी तो ओळखतो. ही नजर वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेली. मूल ओळखायलाही तेवढाच वेळ द्यावा लागतो. तक्ता एका दुपारी रंगवून होतो. तुमच्या मुलांच्या शाळेत असा तक्ता असेल, तर तो कुणासाठी लावलाय हे पालकसभेत उभं राहून विचाराच.

एक सांगायचं राहिलं. घोड्यांचं प्रकरण बहुधा चुआंगत्सेचं स्वतःचं नाही, नंतरच्यांचं आहे. शिवाय 'ताओ ते चिंग'च्या 19व्या प्रकरणातलं 'माणुसकी, न्यायनीती टाकून द्या' हे वाक्य 1993 मध्ये चीनमधल्या क्वोत्यानला सापडलेल्या, त्याच ग्रंथाच्या जुन्या बांबूपट्ट्यांवर नाही. तेव्हा ताओवादी मूल्यांच्याच विरोधात होते असं समजू नका. माझ्या गोपनीय अहवालात त्या वर्षी 'मूल्यशिक्षणास विरोध' असा शेरा पडला. तो मला आजही मान्य नाही.