इंग्लंडमधल्या लडलो गावात एका दिवसात काय पाहावं?

आधी किल्ला. अकराव्या शतकातला आहे आणि पडझड झाली असली तरी फिरायला ऐसपैस. सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर १५०२ मध्ये इथेच वारला, म्हणून तर गादी आठव्या हेन्रीला मिळाली! किल्ल्याच्या दारातच बाजार भरतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार यांपैकीच वार धरा, नाहीतर निम्मी मजा गेली. सेंट लॉरेन्स चर्च जवळच आहे. फेदर्स हॉटेलचं लाकडी नक्षीकाम बाहेरून पाहिलं तरी पुरे.

दुपारनंतर स्टोकसे कॅसल मात्र चुकवू नका. नाव किल्ल्याचं, पण आहे ती लोकरीच्या व्यापाऱ्याची तेराव्या शतकातली गढी. गाडी नसली तर रेल्वेने क्रेव्हन आर्म्सला उतरा, पुढे चालत जाता येतं.