पोथी सोडून उठलो तर?

प्रश्न : माझं वय ५८. दत्तजयंतीला गुरुचरित्राचा सप्ताह करतो, वडिलांपासूनचा नेम आहे. गेल्या खेपेस आई अंथरुणाला खिळलेली. वाचताना हाक यायची. तिला भांडं दिलं की सोवळं मोडायचं, पुन्हा अंघोळ. चौथ्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो. पारायणातून मध्येच उठल्याचा दोष लागतो का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ओरडलात हे लपवलं नाहीत, म्हणून आधी कौशिकाची गोष्ट सांगतो. महाभारताच्या वनपर्वात ती आहे. हा ब्राह्मण झाडाखाली वेद म्हणत बसलेला, वरून बगळी अंगावर शिटली. त्यानं रागानं वर पाहिलं, बगळी मरून पडली. मग भिक्षेला गेला, तर घरची बाई नवऱ्याला वाढण्यात गुंतलेली. ताटकळला, भडकला. ती म्हणाली, मी काही ती बगळी नव्हे! (पतीच देव हा तिचा पाठ वर्गात सांगताना माझी जीभ अडखळायची. असो.) तिनं त्याला धर्म शिकायला मिथिलेला धाडलं, तेही मांस विकणाऱ्या एका व्याधाकडे.

व्याधानं त्याला घरी नेऊन आपले म्हातारे आईबाप दाखवले : माझे देव हे. आणि मग कौशिकाचंच माप त्याच्या पदरात घातलं. वेद शिकायला तू आईबापांना न विचारता निघून आलास, तुझ्या शोकानं ते आंधळे झालेत, परत जा. बगळीपाशी हसणारी माझ्या वर्गातली पोरं इथे गप्प व्हायची.

तुमच्याच पोथीतला अकरावा-बारावा अध्याय पुन्हा काढा. मुंजीनंतर नरहरी, म्हणजे पुढचे नृसिंहसरस्वती, संन्यासाला निघाला, अंबा माता रडू लागली, तर तिला आणखी मुलं होईपर्यंत तो कारंज्यात राहिला. जुळे झाले, तिची परवानगी मिळाली, तेव्हा निघाला. ज्यांचं चरित्र तुम्ही वाचता, तेच आईसाठी थांबले होते. तुम्हाला दोष कोण लावणार?

ओरडण्याचं मात्र मी माफ करणारा कोण, ते आईशी बोला. आणि तुम्ही उठत नाही तेव्हा घरात कोण उठतं, हे पत्रात नाही. तेही बघा.

यंदा सप्ताहाचा हट्ट नको. सोवळं बाजूला ठेवा, रोज जमेल तेवढं आईच्या उशाशी बसून मोठ्यानं वाचा. मध्येच तिला भांडं लागलं, तर ओवीवर खूण ठेवा आणि उठा.