इंग्रजीत येणाऱ्या लॅटिन-फ्रेंच शब्दांचे बरोबर उच्चार कसे शिकावेत? ऑफिसात चुकलं की लोक हसतात.

तुम्ही 'बोना फायडी' (प्रामाणिक, खरा), 'प्रायमा फेशी' (प्रथमदर्शनी), 'फो पा' (चारचौघांतली चूक) आणि 'व्हीज-अ-व्ही' (च्या संदर्भात) अशी उदाहरणं दिलीत आणि यांचे खरे उच्चार कुठे शिकायचे असं विचारलंत. त्याआधी एक गोष्ट समजून घ्या. यातल्या लॅटिन शब्दांचा 'खरा' म्हणून जो उच्चार तुमच्यावर लादला जातोय, तो इंग्रजांनी आपल्या जिभेला जमेल तसा बदललेला उच्चार आहे. जुना रोमन माणूस 'प्रीमा फाकिए' म्हणाला असता, 'बोना फिदे' म्हणाला असता. सीझर त्याच्या तोंडी 'काइसर' होता आणि सिसेरो 'किकेरो'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या शाळांनी लॅटिन शिकवताना हे जुने उच्चार परत आणले, पण तिथल्या वकिलांनी आपलं 'प्रायमा फेशी' सोडलं नाही. आणि आपल्याकडे शाळेतून 'बोनाफाईड' आणणाऱ्याला हसतात! अमेरिकन शब्दकोश उघडून बघा, तिथे 'बोना फाइड' हा उच्चार रीतसर दिलेला आहे.

मी दिवाणी वकिली करतो, तालुका आणि जिल्हा कोर्टात. त्यामुळे हे शब्द रोजचे, आणि त्यावरून होणारा अपमानही जवळून पाहिलेला आहे.

माझ्याकडे एक ज्युनिअर मुलगी होती. बारावीपर्यंत मराठी माध्यम, वडील शेतकरी, घराण्यात पहिली वकील. आमच्या पक्षकाराची बागायती जमीन चुलतभावाने बळकावली होती. ताब्याचा हुकूमनामा आमच्या बाजूने झाला, आणि मधल्या वर्षांत त्याने त्या जमिनीतून जे उत्पन्न घेतलं त्याची चौकशी सुरू झाली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २(१२) मध्ये याची व्याख्या आहे. बेकायदा ताबा असलेल्याने प्रत्यक्ष घेतलेलं, किंवा साधी मेहनत करून त्याला घेता आलं असतं असं उत्पन्न, व्याजासह. मात्र त्याने स्वतः जमिनीत केलेल्या सुधारणांमुळे वाढलेलं उत्पन्न त्यात धरायचं नाही. समोरच्याने नेमकं हेच पकडलं. म्हणे पाइपलाइन मी टाकली, म्हणून ऊस झाला, सबब उसाचे पैसे द्यायचे नाहीत.

या पोरीने काय केलं, तर ताबा जाण्याच्या आधीच्या वर्षांचे सातबारे काढले. विहिरीची नोंद होती, पीकपाहणीत ऊस होता. म्हणजे जमीन आधीपासूनच उसाची. एवढ्यावर समोरच्याची बाजू संपत होती. मी तिला म्हटलं, तूच उभी राहा.

या उत्पन्नाला इंग्रजीत mesne profits म्हणतात. ती उभी राहिली आणि दुसऱ्याच वाक्यात 'मेस्ने प्रॉफिट्स' म्हणाली. समोरचे ज्येष्ठ वकील उठले आणि भर कोर्टात म्हणाले, "बाई, आधी उच्चार शिका, मग कलम सांगा. मीन प्रॉफिट्स म्हणतात त्याला." मागच्या बाकांवरचे हसले. तिचा आवाज गेला. पुढचे मुद्दे तिने कागद पुढे करून कसेबसे मांडले. न्यायाधीशांनी सातबारे नीट पाहिले आणि उसाचं उत्पन्न हिशेबात धरलं, हा त्यांचा मोठेपणा. पण ती मुलगी त्यानंतर कित्येक महिने इंग्रजी शब्द आला की थांबून माझ्याकडे बघायची.

कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, म्हणजे बार रूममध्ये, माझं त्या वकीलसाहेबांशी कडाक्याचं भांडण झालं. त्यांचं म्हणणं, ज्याला शब्द उच्चारता येत नाही त्याला कायदा काय कळणार. आजही भेटले की ते हेच ऐकवतात. म्हणून माझं उत्तर इथे सविस्तर लिहितो.

त्या 'mesne' शब्दातला 'एस' कधीच उच्चारला जात नव्हता. मूळ फ्रेंच शब्दात तो नव्हताच. इंग्लंडच्या कोर्टातल्या लिहिणाऱ्यांनी, इतर फ्रेंच शब्दांत न उच्चारला जाणारा 'एस' असतो म्हणून, याही शब्दात घुसडला. म्हणजे चूक त्यांच्या लेखणीची, आणि शतकांनंतर त्यावरून हसं कोणाचं, तर जे लिहिलंय ते प्रामाणिकपणे वाचणाऱ्या आमच्या मुलीचं. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती सोडून बाकीच्यांना 'प्युनी जज' म्हणतात. त्याचं स्पेलिंग (puisne) वाचून कोणाला हा उच्चार सुचेल? 'नंतर जन्मलेला' अशा अर्थाचे दोन फ्रेंच शब्द जोडून तो झालाय, आणि किरकोळ, दुबळा या अर्थाचा साधा इंग्रजी 'प्युनी' हाही तोच शब्द.

हे शब्द इंग्रजीत आले ते विद्वत्तेमुळे नव्हे, पराभवामुळे. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे कोर्टात फ्रेंच बसली, दप्तरात लॅटिन. लोकांना फ्रेंच कळत नाही म्हणून इंग्रजीत युक्तिवाद करा, असा कायदा १३६२ मध्ये करावा लागला, आणि तो कायदासुद्धा फ्रेंचमध्येच लिहिलेला होता. कोर्टाचं दप्तर कायमचं इंग्रजीत यायला १७३३ साल उजाडलं. आपल्याकडे फारसी अशीच आली. फिर्याद, दावा, जामीन, वकील, हुकूमनामा, सगळं तिकडचं. 'फरयाद'ची आपण 'फिर्याद' केली, म्हणून कोणी इराणी माणूस आपल्याला हसायला आला नाही. आणि इंग्रजांनी आपल्या मुंगुसाचं 'मंगूस' केलं तेव्हा त्यांना कोणी सांगितलं नाही की आधी उच्चार शिका.

आणखी ऐका. १९९९ मध्ये इंग्लंडने आपले दिवाणी नियम नव्याने केले तेव्हा यातले कितीतरी शब्द काढून टाकले. वादीसाठीचा 'प्लेंटिफ' गेला, साधा 'क्लेमंट' आला. 'एक्स पार्टे'च्या जागी 'नोटीस न देता'. 'सपीना' जाऊन साक्षीदाराचं समन्स. ज्यांच्याकडून आपण हे घेतलं त्यांनी सामान्य माणसाला कळावं म्हणून सोडलं, आणि आमचे वकीलसाहेब त्याच शब्दांनी नवख्यांना गप्प करतात. शिवाय आपल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. ती मुलगी 'मधल्या काळातलं उत्पन्न' म्हणाली असती तरी पक्षकारापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांना कळलं असतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. आधी अर्थ पक्का करा. मराठीतून केलात तर लवकर होतो. 'अॅड हॉक' म्हणजे तदर्थ, 'एक्स ऑफिशिओ' म्हणजे पदसिद्ध, दिवाळीला महापालिकेचे कर्मचारी ज्याची वाट बघतात ते सानुग्रह अनुदान म्हणजे 'एक्स ग्रेशिया'. अर्थ माहीत असलेला माणूस उच्चारावरून फार काळ दबत नाही.

फ्रेंच शब्दांत शेवटचं व्यंजन बहुतेकदा गिळतात. 'फो पा'च्या स्पेलिंगमधले (faux pas) 'एक्स' आणि 'एस' दोन्ही मुके, 'कू'मधला (coup, सत्तापालट) 'पी' मुका. 'व्हीज-अ-व्ही'त मात्र पहिला 'एस' पुढच्या स्वराला जोडून 'झ'सारखा ऐकू येतो, दुसरा नाही. पण सरसकट गिळू नका. 'कू द ग्रास'मधला (शेवटचा घाव) शेवटचा 'स' म्हणायचाच असतो. फ्रेंच दाखवण्याच्या नादात 'ग्रा' म्हणणारे भरपूर भेटतील, आणि तेच तुम्हाला हसत असतील.

हेही सांगायला हवं की मुलाखतीत किंवा उच्च न्यायालयात समोरचा जसा म्हणतो तसंच म्हणा, तिथे वाद घालण्यात वेळ जातो आणि नुकसान तुमचं होतं. ऑनलाइन शब्दकोशात उच्चार ऐकता येतो, आदल्या रात्री ऐकून घ्या. माझी ज्युनिअरही आता 'मीन' म्हणते, मीच तिला सांगितलं. मात्र सांगितलं ते चेंबरमध्ये, दोघंच असताना.

लिहिताना मात्र सूट नाही. कोर्टाने स्वतःहून दखल घेतली की आपल्याकडे निम्मे लोक 'सुओ मोटो' (suo moto) लिहितात. बोलायला हरकत नाही, सगळे तसंच बोलतात. अर्जात लिहाल तेव्हा शेवटी 'यू' लिहा, 'ओ' नाही. कागद मागे राहतो आणि समोरचा वकील तो वाचतो.